हवालदार ढेपाळेची पँट

पाथर्डीच्या गोरक्षचं नाव काढलं की आमचा अख्खा जिल्हा हसायला लागतो. गोरक्षनं तोंड उघडायच्या आधीच लोक हसतात. नुसतं पोस्टर लागलं तरी लोक पोस्टरसमोर गाड्या थांबवून दात काढतात. मीही त्यातलीच. शिलाई मशीनच्या खणात मोबाईल ठेवायचा, आवाज बारीक करायचा आणि ओठ चावत हसायचं, हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा दुपारचा कार्यक्रम आहे.

ओठ चावायचं कारण दोन हातांवर बसलेलं असायचं. माझे अब्बा, फक्रुद्दीन मास्तर. भिंगारच्या बाजारात आमचं दुकान आहे, 'फक्रुद्दीन टेलर्स, मिलिटरी व सिव्हिल'. अब्बांनी शिपायांपासून ब्रिगेडियरपर्यंत सगळ्यांच्या कमरा मोजल्या आहेत. आणि हा माणूस गोरक्षला आजवर एकदाही हसला नव्हता.

अब्बा रडके आहेत असं नाही हं. एका कर्नलसाहेबांच्या टोपीचा नमुना शेजारच्या बकरीनं खाल्ला, तेव्हा अब्बा तासभर हसत होते, आणि मग कर्नलसाहेबांसमोरही हसले. पण टीव्हीवर गोरक्ष आला की उठून पाणी प्यायला जायचे. एवढी तहान कुणाला लागते?

आता गोरक्ष काय करतो ते सांगते. त्याचा हवालदार ढेपाळे वीस मिनिटं स्वतःच्या बहादुरीच्या थापा मारतो. मग साहेब येतात. ढेपाळे टाच आपटतो, छाती काढतो, उजवा हात सलामीला वर जातो आणि पँट खाली येते. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. सलामी अर्ध्यावर सोडून तो पँट गोळा करतो आणि माईकमध्ये ओरडतो, "शिलाई, भिंगारचे फक्रुद्दीन मास्तर!"

सभागृह कोसळतं. तिथंच आमचं दुकानही कोसळत होतं.

गोरक्षनं ही गोष्ट प्रत्येक मुलाखतीत सांगितली आहे. एकवीस वर्षांपूर्वी नगरला कॉलेजात असताना गॅदरिंगमध्ये त्याची पँट सुटली, ती अब्बांनी शिवलेली होती, लोक हसले आणि तिथून त्याचं नशीब उघडलं. त्यानंतरच्या सगळ्या पँटी मुंबईत शिवल्या, पण नाव आमचं. त्याला वाटायचं तो मास्तरांचं नाव मोठं करतोय. नाव झालंच. समोरचा रसवंतीवाला सहादेव रोज सकाळी चरक सुरू करायच्या आधी विचारायचा, "मास्तर, आज काय सुटलं?" पोरं सायकलवरून जाताना ओरडायची, "मास्तर, नाडी देता का?" एका नवरदेवानं लग्नाची पँट घालून आरशासमोर तीन उड्या मारल्या आणि मग म्हणाला, "राहील ना हो, चाचा? मंगलाष्टकं लांबली तर?" मी त्याला कात्री दाखवली, तेव्हा गप्प बसला.

हे सगळं अब्बा ऐकून घ्यायचे. यंदा मात्र ईद झाली आणि त्यांनी जाहीर केलं, "बकरीदनंतर पाटी उतरवायची."

मी हातातलं कापड खाली ठेवलं. "आणि मी?"

"तू घरी शीव. बायकांचं काम भरपूर मिळेल."

बायकांचं काम! मी दहावीपासून या मशीनवर बसते. युनिफॉर्मची पँट मी अब्बांच्या बरोबरीनं कापते, इस्त्रीची धार त्यांच्यापेक्षा सरळ काढते. फक्त पुरुषांची मापं तेवढी ते घेतात. ते आकडे सांगतात, मी लिहिते. ते दुकान माझं होईल अशा आशेवर मी दोन चांगली स्थळं परत पाठवली होती, आणि आता एका माणसाच्या चड्डीपायी मी साड्यांना फॉल लावत बसायचं? मला गोरक्षचा पहिल्यांदाच राग आला. तरी दुपारी त्याचा व्हिडिओ पाहिलाच.

आणि त्याच आठवड्यात गोरक्ष स्वतः दुकानात आला.

त्याची गाडी बाजारात मावेना. सहादेवनं चरक बंद केला, लोकांनी मोबाईल वर धरले. गोरक्ष दुकानात शिरला तो थेट अब्बांच्या पायाशी वाकला.

"मास्तर, वळखलं का?"

"ओळखलं," अब्बा म्हणाले. "बस."

"ढेपाळेचा हजारावा प्रयोग हाय, नगरला, पुढच्या रविवारी. मुंबईवाल्याला म्हनलं, ही पँट तुज्याकडं न्हाई शिवायची. जिथनं सुरवात झाली तिथंच शिवायची. न्हाई म्हनू नका, मास्तर."

मला वाटलं, आता अब्बा त्याला बाहेर काढणार. बाहेर उभ्या लोकांनाही तसंच वाटलं असावं, कारण मोबाईल आणखी वर गेले. अब्बांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"उभा राहा सरळ. अर्शी, लिही. कंबर छत्तीस."

गोरक्षनं जुनी पँट दाखवून सगळं यंत्र समजावलं. पँटीच्या दोन्ही बाजू शिवायच्या नाहीत, नुसती व्हेल्क्रो लावायची, ती दाबली की चिकटते. उजव्या बाहीतून एक नायलॉनचा दोरा कमरेपर्यंत आणायचा. हात कपाळाकडे गेला की दोरा ताणला जातो, व्हेल्क्रो फाटकन उघडते. पँट झटकन पडावी म्हणून पायाच्या दुमडीत शिशाचे गोळे.

"आन येक," तो दारातून वळून म्हणाला, "आधी उघडून बघायची न्हाई. नवी पँट पयल्यांदा ष्टेजवरच उघडायची, असा आमचा नेम हाय. व्हेल्क्रो बी ताजी ऱ्हाती."

अब्बांनी ती पँट एकट्यानं शिवली. मला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, चला, म्हाताऱ्याचा राग गेला. शनिवारी पँट तयार झाली. इस्त्री करायला म्हणून मी ती फळीवर पसरली आणि बाजूची पट्टी जरा ओढून बघितली. नेम गोरक्षचा होता, माझा नव्हता. पट्टी हलेना. जोर लावला, तरी हलेना. उलटी करून बघते तर व्हेल्क्रोच्या मागून, दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत पक्की शिलाई. तीसुद्धा दुहेरी. ही पँट बैल लावले तरी सुटली नसती.

"अब्बा!"

ते चहा पीत होते. वर बघितलंही नाही.

"हजारावा प्रयोग आहे त्याचा! फजिती होईल त्याची. आणि आपलं नाव पुन्हा कुणी घेणार नाही. असा बदला घेतात?"

"बदला?" अब्बांनी कप खाली ठेवला. एवढं दुखावलेलं त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. "मला कशाचा बदला घ्यायचाय त्याच्यावर? तो माझं काही देणं लागत नाही. माझंच काम राहिलंय."

मग त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गॅदरिंगमधलं ते नाटक विनोदी नव्हतंच. गोरक्ष शहीद होणारा जवान झाला होता. शेवटी झेंड्याला सलामी द्यायची आणि कोसळायचं. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, पोरगा वसतिगृहात, अंगावर नुसती हाडं. कॉलेजच्या नाटकांचे कपडे तेव्हा अब्बा शिवायचे.

"त्याची कंबर सव्वीस भरली," अब्बा म्हणाले. "मी बत्तीस कापली. म्हटलं, नाटक संपल्यावर पँट त्यालाच देऊन टाकू, चार वर्षं वापरेल, अंगात भरेल. वाढत्या अंगाची शिवली. तोवर आवळून घ्यायला आतून नाडीचं घर केलं. आणि नाडी ओवायची राहिली, बेटा. घाईत राहिली."

मला सायकलवरची पोरं आठवली. नाडी देता का, मास्तर.

"मी विंगेत उभा होतो. हात वर गेला आणि पँट खाली. लोक खदखदून हसले. तो आत आला तो पँट मुठीत धरून रडत आला. चार-पाच पावलांवर होता माझ्यापासून. मी जवळ गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार? पुढच्या वर्षी लोकांनीच त्याला सांगितलं, तेच कर. त्यानं केलं. लोकांना ढेपाळे दिसतो. मला ते पोरगंच दिसतं."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. आणि भांडायलाच लागले. "मग इतकी वर्षं सांगायचं नाही का?"

"तू हसत होतीस ना खणात बघून," अब्बा म्हणाले. "म्हटलं, हसू दे."

म्हणजे यांना सगळं माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी संध्याकाळी पाचला मी पँट घेऊन नगरच्या नाट्यगृहात गेले. अब्बा आयुष्यात पहिल्यांदा गोरक्षचा प्रयोग बघायला आले होते आणि पहिल्या रांगेत ताठ बसले होते. माझ्या पर्समध्ये धागे उसवायचं कटर होतं. रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं की अब्बांचं दुःख खरं आहे, पण हजार लोक तिकीट काढून आले आहेत. त्यांच्यासमोर गोरक्षची फजिती झाली तर पाटी बकरीदपर्यंतही टिकणार नाही. सहादेव स्वतः शिडी आणून देईल. पाच मिनिटांत दोन्ही बाजू उसवायच्या आणि अब्बांना नंतर तोंड द्यायचं.

रंगपटात गोरक्ष नव्हता. तो बाहेर पुढाऱ्यांबरोबर फोटो काढत होता. आत कोपऱ्यातल्या खुर्चीवर नऊवारी नेसलेली एक म्हातारी बसली होती, पायाशी डबा. गोरक्षची आई, बनुबाई. मुलाखतींमुळे तिला सगळे ओळखतात. मी नमस्कार केला, पँट मांडीवर घेतली आणि कटर काढलं.

"तूच का मास्तरांची लेक?" तिनं विचारलं. "आन ही तीच का, सुटनारी?"

"हो, मावशी. जरा काम राहिलंय." मी पहिला टाका शोधायला लागले. नुसतं गप्प बसवेना म्हणून विचारलं, "तुम्ही किती वेळा बघितलंय हे?"

"लई येळा. पोरगं नेतं ना संगं." तिनं डबा खुर्चीखाली सरकवला. "पर त्ये सुटतं तवा मी डोळे मिटून घेते."

माझा हात थांबला.

"तवा आमी कोपरगावकडं उसात हुतो. गावाकडनं मानूस आला आन हसत हसत सांगाया लागला, तुज्या गोरक्षाची पँट सुटली म्हनं भर ष्टेजवर. समदी टोळी हसली. मी बी हसले त्यांच्यासंगं. मंग फडात जाऊन रडले. म्हनलं, पोराला धड मापाचं कापड बी देता आलं न्हाई आपल्याला." तिनं पदरानं नाक पुसलं आणि लगेच हसली, समजूत घालावी तशी. "आता चांगलं चाललंय की. लोक हसत्यात म्हनून तर घर झालं. पर आईला कसं हसू यील गं? तू कुनाला सांगू नको. त्याला वाटतं मी पोट धरून हसते."

म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात गोरक्षला न हसणारी माणसं दोन होती, आणि दोघंही आज पहिल्या रांगेत बसणार होती.

मी कटर पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली. पँटीची घडी सरळ करून हँगरला लटकवली. हात आता काही केल्या त्या शिलाईवर चालला नसता.

"मावशी," मी म्हटलं, "आज डोळे मिटू नका."

"का गं?"

"माझ्यासाठी."

प्रयोग सुरू झाला. मी मध्ये, उजवीकडे अब्बा, डावीकडे बनुबाई. ढेपाळेनं वीस मिनिटं थापा मारल्या. लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात होते. मला एकदाही हसू आलं नाही. माझं लक्ष सगळं त्या दोन शिवणींवर.

साहेब आले. ढेपाळेनं टाच आपटली. बनुबाईनं सवयीनं डोळे मिटले आणि मी तिचं मनगट दाबलं. तिनं उघडले. हात वर गेला.

दोरा ताणला आणि तुटला. पहिल्या रांगेत आम्हाला त्याचा टक असा आवाजही आला. पँट जागच्या जागी.

लोक सवयीनं हसून मोकळे झाले होते. मग त्यांच्या लक्षात आलं की खाली काहीच पडलेलं नाही. गोरक्षनं हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. काही नाही. खिशातून ओढून बघितलं. वळला, पाठमोरा होऊन दोन्ही हातांनी बाजू खेचल्या. वाद्यवाल्यानं पँट पडल्याचा ढुम्म वाजवला, पँट पडली नाही, त्यानं बिचाऱ्यानं परत वाजवला. गोरक्ष एका पायावर नाचला. दुसऱ्यावर नाचला. दुमडीतले शिशाचे गोळे त्याच्या घोट्यांवर टकाटक आपटायला लागले आणि तो खरंच कळवळला. आता लोक हसले ते ठरवून नव्हे. माझ्याही तोंडातून एवढ्या मोठ्यानं हसू फुटलं की पुढचा फोटोग्राफर दचकला. ढेपाळेला लोक इतकी वर्षं हसत होते, पण एवढी मजा मला त्या मोबाईलमध्ये कधीच आली नव्हती.

दमून गोरक्ष थांबला. कमरेवर हात ठेवून त्यानं पँटीकडे बघितलं. बोटांनी बाजूची शिवण चाचपली. वरून खाली, सावकाश. आणि मग त्याची नजर पहिल्या रांगेत अब्बांवर आली.

अब्बा हसत नव्हते. खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले होते. त्यांनी फक्त मान हलवली, एवढीशी. आम्ही गिऱ्हाइकाला 'झालंय, घालून बघ' म्हणतो तशी.

गोरक्षनं शर्ट खाली ओढला, टोपी नीट केली, पाय जुळवले. छाती काढली, पण ढेपाळेसारखी नाही. टाच वाजली. उजवा हात कपाळाशी गेला आणि तिथंच राहिला.

एकवीस वर्षांपूर्वी अर्ध्यावर राहिलेली ती सलामी, पहिल्यांदा पुरी झाली. मागच्या रांगेतून खुर्ची वाजली. भिंगारचा कुणी म्हातारा फौजी न राहवून उठून उभा राहिला होता.

"ऱ्हायली!" बनुबाई माझ्या कानाशी म्हणाली. मग मोठ्यानं. "ऱ्हायली गं! पँट ऱ्हायली!" आणि ती टाळ्या वाजवत, गुडघ्यावर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायला लागली. तिच्यामागून सगळं सभागृह. मी उजवीकडे बघितलं. अब्बांनी तोंडावर रुमाल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या बकरीच्या दिवसानंतर मी पहिल्यांदाच त्यांना एवढं हसताना बघत होते. ते रडतही होते, पण ते मी कुणाला सांगणार नाही.

गोरक्षनं सलामी सोडली. माईक धरला. आणि ओरडला.

"शिलाई, भिंगारचे फक्रुद्दीन मास्तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेवनं चरकाला हात लावायच्या आधी हाक मारली, "मास्तर, काल काय सुटलंच न्हाई म्हनं?" दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उड्या मारणाऱ्या नवरदेवानं तर आपल्या दोन मेहुण्यांना पाठवलं.

संध्याकाळी गोरक्ष आला, यावेळी रिक्षानं. ती पँट त्यानं परत आणलेली नव्हती. ती आईनं ट्रंकेत ठेवली म्हणाला. मग डोकं खाजवत म्हणाला, "पर मास्तर, परवा जालन्याला प्रयोग हाय. लोकांला सुटनारी लागती. येक सुटनारी बी शिवून द्या ना."

"ती मुंबईत शीव," अब्बा म्हणाले. "इथं सुटणारी मिळत नाही."

"बरं. मंग येक रोजच्या वापराची द्या. लग्नाकार्यात घालाया."

अब्बांनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्यासमोर धरली. "अर्शी, माप तू घे. मी लिहितो."

मी टेप घेतली. आकडा नीट आला. "कंबर छत्तीस," मी म्हटलं. "अब्बा, पोट सुटतंय यांचं. थोडी जास्त धरायची?"

अब्बांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग गोरक्षकडे बघितलं.

"छत्तीस म्हणजे छत्तीस," ते म्हणाले. "वाढली तर परत येईल तो. आपण इथंच आहोत."